नववी ओळ

डिसेंबर. पुन्ता अरेनासमध्ये रात्री साडेदहालाही
उजेड पत्र्यांच्या छपरांवर रेंगाळतो,
गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात मालक रेंगाळावा तसा.
माझ्यापुढे चौतीस उत्तरपत्रिका.
एकच प्रश्न: खालील कवितेचे रसग्रहण करा.

कविता चौदा ओळींची. कवी इथल्याच कस्टम्समधला कारकून,
जाऊन वीस वर्षं झाली. त्याच्या नावाची गल्लीसुद्धा नाही.
त्याला झोप येत नाही. लिहिताही येत नाही.
तो उशी उलटी करतो. दिवा लावतो, विझवतो.
पाचव्या ओळीत कागद 'सामुद्रधुनीइतका पांढरा'
(सामुद्रधुनी पांढरी नसते, करडी असते,
हे अठरा वर्षांत एकाही मुलानं लिहिलेलं नाही).
आणि नववी ओळ, मागच्यापुढच्या कशालाच न चिकटलेली:
'नळ गळतोय. मी उठत नाही.'

आदर्श उत्तर माझ्याकडे तयार आहे.
कोरा कागद म्हणजे रितेपण. एक गुण.
रात्र म्हणजे मृत्यू. एक गुण.
नळ म्हणजे काळ, थेंबाथेंबानं वाया जाणारा. दोन.
आधी खडूनं, मग मार्करनं, मी हेच शिकवत आले
आणि मुलं हेच परत करतात,
वाण्यानं सुट्टे मोजून हातावर ठेवावेत तसं.

एकविसावी पत्रिका येर्को मान्सियाची.
मागच्या बाकावरचा. पहिल्या तासाला हमखास पेंगणारा.
अक्षर असं, की वादळात चौकातला दोर धरून चाललंय.
लिहितो:

"बाई, आमच्याकडे नळ गळाला तर कोणीतरी उठून बंद करतं.
पाण्याचं बिल येतं.
हा माणूस उठत नाही, म्हणजे त्याला तो आवाज हवा आहे.
माझी आई सॅमनच्या कारखान्यात रात्रपाळीला असते.
ती येईपर्यंत मी टीव्ही चालू ठेवतो. बघत नाही.
घरात आणखी कोणी आहे असं वाटतं.
कवीची बायको गेली असेल, किंवा अजून यायची असेल.
त्याला सुचत नाही असं मला वाटत नाही.
त्याला दार वाजलेलं ऐकायचं आहे.
लिहायला बसलं की पेनाचा आवाज होतो."

आणि खाली, घंटा झाल्यावर खरडलेलं:
"काळाबद्दल मला काही सापडलं नाही."

यादीप्रमाणे रितेपण नाही, मृत्यू नाही, काळ नाही.
सातापैकी दोन पूर्णांक आठ. चाराला पास.

मी लाल पेनाचं टोपण लावते. काढते. लावते.

स्वयंपाकघरात जुना फ्रिज घरघरतो.
एस्तेबान फोनवर तीनदा म्हणाला, आई, नवीन घे,
हल्लीचे वाजत नाहीत.
मी म्हटलं, चालतोय ना.
खालच्या खणात माझी वही आहे, अकरा वर्षांपूर्वीच्या
एका मार्चपाशी थांबलेली.
कोणी विचारलंच तर मी सांगते, आटलं.
शब्द चांगला आहे, पुढे कोणी विचारत नाही.

कारकुनाला आता विचारायची सोय नाही.
मी समासात लिहिलं: आई किती वाजता येते?
मग खोडलं. असं विचारायचं नसतं.
सहा पूर्णांक पाच दिले. उरलेला अर्धा
शुद्धलेखनाचा कापला, तो कापायलाच हवा.
मुख्याध्यापकांना काय सांगायचं, ते सोमवारी.

पावणेपाचला पुन्हा उजाडलं, तेही अर्धवट.
खाली कारखान्याची बस थांबली.
दार उघडलं, मिटलं. रबरी बुटांचा आवाज
वाऱ्यानं अर्धाच वर आणला.
वरच्या वस्तीत कुठंतरी आत्ता
एक टीव्ही बंद झाला असेल.

तेरा पत्रिका उरल्या.
बाविसावी पहिल्याच वाक्यात म्हणते, नळ म्हणजे काळ.
अक्षर मोत्यासारखं, खाली पट्टीनं ओढलेली रेघ.
दोन गुण देते.
पोरीची काय चूक.